वॉरंटीतली गाडी बाहेरच्या गॅरेजला न्यावी का?

शहाद्याच्या एका भाऊंनी विचारलंय, ते आधी थोडक्यात सांगतो. नवी पेट्रोल गाडी, २२ महिने झाले, १८ हजार किलोमीटर चालली. तिन्ही फ्री सर्व्हिस धुळ्याच्या शोरूमला झाल्या. आता चौथी, पैसे मोजून करायची. शोरूमनं फोनवर ९,८०० सांगितले. वर जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर आणि अख्खा दिवस. गावातला मिस्तरी, ज्यानं त्यांच्या वडिलांची जुनी जीप वीस वर्षं सांभाळली, तो म्हणतो ४,००० मध्ये करून देतो. शोरूमचा माणूस म्हणतो, बाहेर नुसतं बॉनेट उघडलं तरी वॉरंटी गेली. मिस्तरी म्हणतो, "तू कसाले घाबरस? तसं काही नसतं." शेवटी जाता जाता भाऊंनी लिहिलंय की गाडी घेताना पाचव्या वर्षापर्यंतची एक्स्टेंडेड वॉरंटीही घेतली होती, आणि गाडी शोरूमला नेली तर मिस्तरीला वाईट वाटेल.

दोघंही अर्धं अर्धं सांगताहेत, आणि ज्याला जे सोयीचं तेवढंच सांगतोय. मीही सोयीचं सांगू शकलो असतो, कारण पारोळ्याजवळ हायवेला माझं स्वतःचं गॅरेज आहे. पण त्याआधी सात वर्षं मी जळगावला एका कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये होतो. शेवटची तीन वर्षं सर्व्हिस ॲडव्हायजर, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलून काम आणि बिल ठरवणारा माणूस, म्हणून, आणि वॉरंटीचे क्लेम भरून पाठवणं हे माझंच काम. कोणता क्लेम दोन दिवसांत सुटतो आणि कोणता महिनाभर लोंबकळतो, ते तिथं बसून पाहिलंय.

"वॉरंटी जाते का" या प्रश्नात एक घोळ आहे. आपण समजतो वॉरंटी म्हणजे बल्ब, पेटलेला तरी नाहीतर उडालेला तरी. तसं नसतं. एखादा पार्ट बिघडला की कंपनीचा माणूस त्या पार्टापुरतं बघतो: हा स्वतःच्या दोषानं गेला, की कुणी केलेल्या किंवा न केलेल्या कामानं? तुम्ही बाहेर एसीचा फिल्टर बदललात म्हणून स्टेअरिंगची मोटर नाकारायला त्याच्याकडे कारण उरत नाही. पण बाहेर ऑइल बदललं आणि इंजिन वाजायला लागलं, तर पहिला सवाल ऑइलचाच येणार, आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागणार. म्हणून खरा प्रश्न असा, की उद्या इंजिन उघडायची वेळ आली तर तुमच्या फाइलीत काय निघेल.

आता कायद्याचं. भारतीय स्पर्धा आयोगानं, म्हणजे कंपन्या बाजारात मक्तेदारी करत नाहीत ना हे बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांविरुद्ध एक मोठा आदेश दिला. दंडच सगळा मिळून २,५४४ कोटींच्या वर होता. मुद्दा होता सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना न देण्याचा. त्याच आदेशात हेही होतं, की ग्राहकानं बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. पुढे कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिलं. त्यामुळे तो आदेश खिशात ठेवून शोरूमच्या काउंटरवर आपटला की काम झालं, असं समजू नका. वाद झाला तर मुद्दा मांडायला मात्र तो भक्कम आहे.

यूट्यूबवर कुणी सांगत असेल की "कायद्यानं ते नाही म्हणूच शकत नाहीत", तर बहुतेक वेळा त्यानं अमेरिकेचा १९७५ चा वॉरंटी कायदा उचललेला असतो. तो तिकडचा. आपल्याकडे वाहनांच्या वॉरंटीसाठी तसा वेगळा कायदा नाही. आपल्या हातात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे आणि गाडीसोबत आलेलं वॉरंटीचं पुस्तक आहे. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये तसंच पडलेलं असतं, ते काढा. दहा मिनिटांचं काम आहे. "सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच" असं लिहिलंय, की "ठरलेल्या वेळापत्रकानुसार, ठरलेल्या दर्जाचं ऑइल वापरून" असं लिहिलंय, यात फरक पडतो.

आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद वेगळा काढा. बहुतेक लोक इथंच फसतात. पहिली वॉरंटी गाडीच्या किमतीतच आलेली असते. उदाहरणार्थ मारुतीनं जुलै २०२४ पासून ती २ वर्षं-४० हजारांवरून ३ वर्षं-१ लाख किलोमीटर केली. एक्स्टेंडेड मात्र तुम्ही वेगळे पैसे देऊन घेतलेला वेगळा करार आहे, आणि त्याच्या अटी जास्त कडक असतात. प्रत्येक सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपलाच, तीही वेळेत, असं त्यात साधारणपणे लिहिलेलं सापडतं. तुम्ही त्याचे पैसे आधीच मोजून बसला आहात. पाच-सहा हजार वाचवायला जाऊन पुढच्या तीन वर्षांचं ते कव्हर डळमळीत करायचं का, याचा हिशोब आधी करा.

मी वर्कशॉपला असताना नाकारले गेलेले क्लेम आठवले, तर "बाहेरच्या गॅरेजला गेला" हे कारण फार थोड्यांचं होतं. सगळ्यात जास्त होतं ते तारीख चुकण्याचं. पुस्तकात लिहिलेलं असतं, १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, आधी जे येईल ते. आपल्याकडे शेतकऱ्याची गाडी लग्नसराईत पळते आणि मग चार महिने शेडमध्ये कापडाखाली. "साहेब, गाडी तर सहाच हजार चालली, सर्व्हिस कशाला?" असं म्हणत माणूस दीड वर्षानं येतो. ऑइल उभ्या गाडीतही जुनं होतं, आणि कागदावर तर तुमची सर्व्हिस सहा महिने चुकलेली दिसते. भाऊ, तुमचे २२ महिने झालेत. २० हजारांची वाट बघू नका, २४ महिने आधी येताहेत.

दुसरं कारण वायर कापण्याचं. शिवाराच्या रस्त्यानं रात्री जायचं म्हणून जादा लाइटी, मोठा हॉर्न, वर ॲम्प्लिफायर. बसवणारा पोरगा हेडलाइटची वायर ब्लेडनं सोलतो, दुसरी वायर गुंडाळतो, वर काळी टेप. पुढच्या पावसाळ्यात मॉड्यूल, म्हणजे लाइटी चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जळतं आणि ती टेप फोटोत स्पष्ट दिसते. तिथं कुणीच काही करू शकत नाही. बाहेरच्या ऑइल सर्व्हिसपेक्षा ही टेप मला जास्त धोक्याची वाटते, पण हिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

तिसरं ऑइलचं, आणि इथं मी जरा थांबणार आहे. चोपड्याकडची एक डिझेल गाडी माझ्याकडे आली होती, ४१ हजार चाललेली, टर्बोतून, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यातून, शिट्टीसारखा आवाज. ऑइलची टोपी उघडली तर आतून टोपीला काकवीसारखा काळा थर, बोट फिरवलं तर निघेना. मालक म्हणाला, सर्व्हिस वेळच्या वेळी केलीय. खिशातून घडी घातलेली पावती काढली. त्यावर एवढंच: "ऑइल + फिल्टर + मजुरी = ३,२००". गाडीचा नंबर नाही, किलोमीटर नाही, ऑइलचं नाव नाही. मीच त्याला शोरूमला पाठवलं, कारण टर्बो वॉरंटीतला होता. क्लेम परत आला, शेरा होता मेंटेनन्सचा पुरावा अपुरा. त्या मिस्तरीनं चांगलं ऑइल टाकलंही असेल. पण ती पावती बघून कोण मानणार?

याउलट अमळनेरचे एक बँकेतले गृहस्थ. दोन सर्व्हिस माझ्याकडे केल्या, वॉरंटी चालू असताना. माणूस चिकाटीचा. रिकाम्या कॅनचा फोटो, बॅच नंबरसकट. फिल्टरच्या डब्याचा फोटो. मीटरचा फोटो. नंतर त्यांचा वॉटर पंप गळायला लागला. शोरूमनं आधी तोंड वाकडं केलं, मग फाइल बघितली. वॉटर पंपाचा आणि ऑइल बदलण्याचा संबंध नाही हे त्यांनाही कळत होतं. पंप वॉरंटीत बदलून मिळाला.

ऑइलबद्दल आपल्याकडे एक पक्का समज आहे: खान्देशात ऊन कडक, भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ऑइल जाड पाहिजे. म्हणून ज्या गाडीला ०डब्ल्यू-२० (हा ऑइलच्या जाडपणाचा ग्रेड) लिहिलंय तिच्यात बिनधास्त २०डब्ल्यू-४० ओततात, वर "जास्त टिकेल" असंही सांगतात. जुन्या जीपला ते ठीक होतं. पण इंजिन एकदा गरम झालं की आतलं तापमान बाहेरच्या उन्हावर फारसं ठरत नाही. थर्मोस्टॅट आणि पंखा त्याला ९०-१०० अंशांच्या आसपास धरून ठेवतात, शहाद्यालाही आणि शिमल्यालाही. त्या आकड्यातला शेवटचा भाग १०० अंशांवरचा जाडपणा सांगतो, आणि आजच्या पेट्रोल इंजिनातल्या बारीक ऑइल वाटा, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा, चेनचा टेन्शनर, हे सगळं त्या पातळ ऑइलवर बेतलेलं असतं. जाड ऑइल सकाळी चालू करताना वर पोचायला उशीर करतं, आणि झीज नेमकी तेव्हाच होते. पुस्तकात दोन-तीन ग्रेड दिलेले असतील तर त्यातलंच घ्या, बाहेरचं नको. डिझेलवाल्यांनी तर आणखी जपावं. बीएस-६ डिझेलला सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाची जाळी असते. तिला कमी राखेचं ऑइल लागतं. साधं डिझेल ऑइल टाकलं तर राख जाळीत साठत जाते, आणि ती राख काजळीसारखी जळून जात नाही.

आता तुमचं ९,८०० चं कोडं. हे मी टेबलाच्या त्या बाजूनं बनवलेलं बिल आहे, म्हणून सांगतो. त्यात ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टाचा वॉशर, एअर फिल्टर आणि मजुरी हे खरं काम. उरलेलं बहुतेक असं असेल: इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचा फवारा, खालून कोटिंग, इंजिनवर पॉलिश. यातलं काही पुस्तकाच्या वेळापत्रकात नसेल तर ते करणं तुम्हाला बंधनकारक नाही आणि न केल्यानं वॉरंटीला धक्का लागत नाही. जॉबकार्ड, म्हणजे करायच्या कामांची यादी, बनवताना पुस्तकातलं ते पान उघडून काउंटरवर ठेवा आणि म्हणा, "यात २० हजाराला जे लिहिलंय तेवढंच जॉबकार्डवर घ्या, एकही ओळ जास्त नको." ॲडव्हायजर थोडा हिरमुसेल, त्यालाही महिन्याचं टार्गेट असतं बिचाऱ्याला. पण माझ्या अंदाजानं तुमच्यासारख्या छोट्या पेट्रोल गाडीचं बिल साडेपाच-सहा हजारांवर येईल. मिस्तरीच्या चार हजारांशी आता फरक किती राहिला ते बघा.

पावणेदोनशे किलोमीटरचंही तसंच. गाडी धुळ्याहून घेतली म्हणून सर्व्हिस धुळ्यालाच करायची असं कुठंही नाही. त्याच कंपनीचं कोणतंही अधिकृत वर्कशॉप चालतं, मग ते नंदुरबारला असो, शिरपूरला असो की सुरतेला मेव्हण्याकडे जाताना वाटेवर असो. रेकॉर्ड एकाच सिस्टिमवर चढतं. काही कंपन्यांची सर्व्हिस व्हॅनही ठरावीक दिवशी तालुक्याच्या गावी येते, ऑइल आणि फिल्टरचं काम तिथंच होतं. कस्टमर केअरला फोन करून विचारून घ्या.

एवढं करूनही जमत नसेल, अधिकृत जागा खरंच लांब असेल आणि एक्स्टेंडेडची भानगड नसेल, तर बाहेर करायला माझी हरकत नाही. तुमची गाडी साधी पेट्रोल, मॅन्युअल गिअरची असेल तर आणखीच कमी. टर्बो, ऑटोमॅटिक, हायब्रिड किंवा बॅटरीची असती तर वॉरंटी संपेपर्यंत मी स्वतःच्या भावालाही माझ्या गॅरेजात घेतलं नसतं. त्यांचं निम्मं काम सॉफ्टवेअर अपडेटचं असतं आणि ते माझ्या स्कॅनरवर होत नाही.

बाहेर केलंत तर बिल असं घ्या, की तिऱ्हाईतानं वाचलं तरी काय झालं ते कळेल. पक्कं जीएसटी बिल, कच्ची चिठ्ठी नाही. तारीख, गाडीचा नंबर, मीटरचं रीडिंग. ऑइलची कंपनी, ग्रेड आणि किती लिटर. फिल्टरचा पार्ट नंबर. तुमच्या मिस्तरीकडे जीएसटी नंबर नसेल तर ऑइल आणि फिल्टर तुम्ही स्वतः पक्क्या बिलानं आणा, आणि त्याच्याकडून मजुरीची सही-शिक्क्याची पावती घ्या. पार्ट अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. डुप्लिकेट फिल्टरचा डबा ओरिजिनलपेक्षा चकचकीत असतो, पण हातात घेतला की वजनाला हलका लागतो, आणि आतल्या कागदाच्या घड्या मोजल्या तर कमी भरतात. ऑइल काढताना समोर उभे राहा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तो वॉशर नवा टाकतोय का ते बघा. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण जुनाच वॉशर पुन्हा घट्ट आवळून बोल्टाचे आटे गेलेला ऑइल पॅन मी कित्येकदा पाहिलाय. आणि तो पॅन कोणी वॉरंटीत देत नाही.

एक गोष्ट मात्र बाहेर करू नका. कसलाही आवाज, लाइट किंवा गळती आली, आणि तो पार्ट वॉरंटीत बसतो असं वाटलं, तर तो उघडू देऊ नका. "जरा खोलून बघतो" इथंच क्लेम मरतो. एकदा सील फुटलं, की दोष कंपनीचा होता हे दाखवायला काही उरत नाही. आमच्यासारख्यानं स्कॅनर लावून गाडीनं साठवलेला बिघाडाचा कोड वाचून सांगणं ठीक, पण कोड पुसायचा नाही. तो तसाच घेऊन शोरूमला जायचं.

शोरूमनं नाकारलंच, तर तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. जॉबकार्डवर किंवा ईमेलवर लेखी कारण मागा: कोणता पार्ट, कशामुळे गेला, आणि त्याचा बाहेरच्या कोणत्या कामाशी संबंध. निम्मे नकार हे लिहून द्यायची वेळ आली की मऊ होतात, हे मी आतून पाहिलंय. मग कंपनीच्या कस्टमर केअरला मेल. तिथं नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याहून पुढे जिल्हा ग्राहक आयोग, जिथं ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार चालते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची, ऑनलाइनही होते. नवीन गाडीच्या प्रकरणात तिथवर जावं लागलेला माझा एकच गिऱ्हाईक आहे. त्याला पैसे मिळाले, पण गाडी सात महिने ताडपत्रीखाली उभी होती.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, एक्स्टेंडेड घेतलेली असल्यामुळे ही सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा. आधी नंदुरबारला चौकशी करा, पुस्तकातल्या कामापुरतं जॉबकार्ड बनवा, आणि २४ महिने भरायच्या आत उरका.

मिस्तरीला वाईट वाटेल असं तुम्ही लिहिलंय. वाटू देऊ नका, त्याच्याकडे काम भरपूर आहे. आपल्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच भरतो. पुस्तकातही धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळं, लवकरचं वेळापत्रक दिलेलं असतं, ते शोधा. मध्ये दोनदा त्याच्याकडून फिल्टर काढून आतून बाहेर हवा मारून घ्या, केबिनचा फिल्टरही. टायरची अदलाबदल, अलाइनमेंट, वायपर, बल्ब, ब्रेक पॅड, ही झिजणारी कामं आहेत, वॉरंटीत तशीही बसत नाहीत. बॅटरी आणि टायरची वॉरंटी त्या त्या कंपनीची असते, तिला कोण हात लावतो याचं शोरूमला सोयरसुतक नाही. आणि एक्स्टेंडेड संपली की गाडी त्याच्याकडेच न्या. तोवर ०डब्ल्यू-२० चा कॅन त्याच्या दुकानात येईल अशी व्यवस्था मात्र आत्तापासून करून ठेवा.